रंगरूट पोरांचं दुखणं आणि घरच्यांची काळजी, थोडी मागची गोष्ट

आमच्याकडे रविवारी दुपारी कोणी जेवून आडवं होत नाही, कारण पुतण्याचा फोन येतो, तो सैन्यात रंगरूट, म्हणजे नवा भरती होऊन ट्रेनिंगला गेलेला. वहिनी मोबाईल स्पीकरवर टाकते, आजूबाजूला चार माणसं, आणि ती विचारते, "जेवलंस काय रे?" तिकडून ठरलेलं उत्तर, "होय गे आये, बरो आसंय." असे तीन रविवार गेले आणि चौथ्या रविवारी त्याने फक्त बहिणीला सांगितलं की नडगी दुखतेय, पहिल्या दुखण्यापासून तीन आठवडे झाले, एक्सरे काढला होता पण त्यात काही आलं नाही म्हणून परत ग्राउंडवर. नंतर दुसऱ्या तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय आहे, की ही काळजी कधीपासूनची, आणि आपण घरचे नेमकी कशाची काळजी करतो.

कोकणातून पोरं सैन्यात जाणं ही काही आजकालची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण १७६८ची, आणि भरतीच्या कागदावर इंग्रज 'दख्खनी मराठे' आणि 'कोकणी मराठे' असे वेगळे लिहायचे इतकी इथली भरती पक्की. दापोलीला अजून जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात, १८१८ नंतर तिथे लष्करी ठाणं होतं, हवा थंड म्हणून, आणि पुढे पेन्शनीत निघालेले शिपाई-सुभेदार तिथेच राहायचे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर दापोलीत होते. पुढे महार भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा उघडली, परत बंद, आणि १९४१ला महार रेजिमेंट उभी राहिली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४च्या जुलैत इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय होतं बावीस. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे, पण त्या बावीस वर्षांच्या पोराच्या आईने पहिल्या महिन्यांत काय विचार केले असतील ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्या काळी भीती गोळीची कमी आणि रोगाची जास्त होती, आणि ती भीती खरी होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी बहुतेक लढायांत सैनिक तापाने, हगवणीने, कॉलऱ्याने जास्त मेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला घातलेला कुतचा वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ चालला, आत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७, आणि आपल्या शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, कारण ताजी भाजी नाही आणि घोड्याचं मांस बरेच जण खायला तयार नव्हते. घरी कोकम, कैरी, आवळा परसात असलेल्या माणसांना आंबट न मिळाल्याने तो रोग व्हावा हे वाचून मला फार वाईट वाटलं.

पण ट्रेनिंगमधलं मरण वेगळं. १९१७-१८च्या हिवाळ्यात अमेरिकेत नव्या भरतीच्या छावण्यांत गोवराची साथ आली आणि त्यामागून न्यूमोनिया, आणि जास्त आजारी पडली ती खेड्यातली पोरं. शहरातल्यांना गोवर लहानपणीच होऊन गेलेला, आणि हे लांबच्या वाड्यांवरून आलेले, साथ कधी न बघितलेले, एकदम शंभर जणांच्या बराकीत. म्हणजे अशक्त म्हणून आजारी पडले नाहीत, तर अंगाला त्या रोगाची ओळखच नव्हती म्हणून पडले. मागोमाग १९१८चा इन्फ्लुएंझा, तो मुंबईत जूनमध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर उतरला आणि देशभर सव्वा कोटीच्या वर माणसं गेली. 'बराकीत साथ येते' ही म्हाताऱ्यांची भीती तिथूनच आलेली असणार असं मला वाटतं. आता भरती झाल्या झाल्या लसी टोचतात, हात दोन दिवस जड होतो, पोरं फोनवर कुरकुरतात, पण ते काही वाईट नाही.

आता खरी भीती हाडांची. १८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलं की नवे शिपाई लांब मार्चनंतर पाय सुजून लंगडतात आणि कारण कळत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं कोणाला कळलं नाही, कारण एक्सरे १८९५चा, आणि १८९७ला श्टेखोव नावाच्या डॉक्टरने तो वापरून दाखवलं की पायाच्या पंजाचं हाड मोडलेलं असतं, पडून नाही, मार बसून नाही, फक्त चालून चालून. म्हणून त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणायला लागले.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पोराला कॅल्शियम कमी पडलं, दूध पाजलं असतं तर झालं नसतं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचा भाग आहेच, नाही असं नाही. पण मूळ गोष्ट अशी की हाड जिवंत असतं, ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं, आणि कोरायला आठवडे लागतात पण भरायला महिने. म्हणजे जुन्या घराच्या पायाचे चिरे बदलायला काढलेत आणि त्याच वेळी वर कौलं चढवताय, तशी स्थिती. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत हाड सगळ्यात कच्चं असतं, आणि पीटी, ड्रिल, जाड तळाचे डीएमएस बूट, पाठीवर वजन हे सगळं नेमकं तेव्हाच. आपली पोरं भरतीच्या तयारीला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारतात, कातळावर नाहीतर वाळूत, हलक्या बुटात किंवा अनवाणी, आणि आपण समजतो पाय तयार झाले. दम तयार होतो, हाडाला वेळ लागतो.

इस्रायलमध्ये १९८५ला छापलेल्या एका अभ्यासात २९५ रंगरूट १४ आठवडे तपासले तर ३१ टक्के पोरांना असे फ्रॅक्चर निघाले. आणि तिथल्याच सैन्याने नंतर मार्चिंग कमी केलं आणि झोप किमान सहा तास ठेवली तेव्हा प्रमाण निम्म्याहून खाली आलं. झोप! मला हे वाचून आमच्या वहिनीचं "झोप मिळता काय रे" आठवलं, तो प्रश्न अगदी बरोबर होता. आणि दुसरं, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्सरेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. पुतण्याच्या बाबतीत हेच झालं. नडगी लांबवर ठणकत असेल तर स्नायूचं असू शकतं, पण पोरगा एका बोटाने जागा दाखवतोय, तिथे दाबलं की कळ येते, झोपेतही दुखतं, तर एमआय रूमला, म्हणजे छावणीतल्या दवाखान्यात, परत जायचंच, एक्सरे आधी काहीही म्हणालेला असला तरी.

उन्हाचं थोडक्यात. १९५६ला अमेरिकेत पॅरिस आयलंडवर मरीन रंगरुटांसाठी एक नवं माप काढलं, त्यात नुसतं तापमान नाही तर हवेतली ओल, ऊन आणि वारा सगळं धरतात, आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलं की ग्राउंड बंद. कोकणात हे कुणाला समजावायला नको, मे महिन्यात घाम वाळत नाही तेव्हा ३३ डिग्रीतही जीव घाबरा होतो. पण आपलं पोर मध्य प्रदेशातल्या सागर किंवा जबलपूरच्या कोरड्या उन्हात गेलं की घाम दिसतच नाही, कधी उडून गेला कळत नाही. नवीन हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. नुसतं पाणी ढोसणंही वाईट, रक्तातलं मीठ खाली जातं, अमेरिकन सैन्याने म्हणून १९९८ला तासाला सुमारे १.४ लिटरची मर्यादा घातली. आमच्या घरी सकाळी मीठ घातलेली पेज प्यायची सवय होती ते काही उगीच नव्हतं. आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर रात्र असो की पहाट, लगेच सांगायचं, तो स्नायू तुटल्याचा रंग असू शकतो.

आता सांगणं हाच मुद्दा. आधी पत्त्यावर 'द्वारा ५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपालाचा नंबर, एवढंच असायचं, पोरगा नेमका कुठे आहे ते गावात माहीत नसायचं, आणि आंतर्देशीय पत्रात 'मी येथे खुशाल आहे' हे वाक्य आधीच ठरलेलं. मनिऑर्डर आली म्हणजे पोर बरं आहे असं आजी धरून चालायची. आज आवाज ऐकू येतो पण वाक्य तेच आहे. आणि पोरं लपवतात त्याचं कारण भित्रेपणा नाही, मागच्या बॅचमध्ये टाकतील म्हणजे रेलिगेट करतील, बरोबरचे पुढे जातील, ट्रेनिंग देणारा उस्ताद काय म्हणेल. त्यात २०२२च्या जूनपासून अग्निवीर, चारच वर्षं आणि पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम, मग दोन आठवडे सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी म्हणून नाव दिलं, की आपला नंबर गेला असं त्यांच्या डोक्यात बसतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, की ज्याचं हाड खरंच चिरलंय त्याला ते सांगायची भीती वाटावी. दोन आठवडे लवकर सांगितलं असतं तर पुतण्याची विश्रांती कदाचित थोडक्यात आटपली असती, आता काही महिने गेले आणि बॅचही गेलीच.

वहिनीने आता 'जेवलंस काय' शेवटी ठेवलंय. आधी विचारते, "पाय कसो आसा? जिन्यावरून उतरताना कळ येता काय? बोट ठेव बघू खंय दुखता ता." तो हसतो, मग खरं सांगतो. गेल्या रविवारी म्हणाला, पट्टी निघाली, सकाळी चालणं सुरू केलंय, धावायला अजून डॉक्टर हो म्हणाले नाहीत, आणि नव्या बॅचमध्ये सावंतवाडीचा एक पोरगा आहे त्याच्याशी मालवणीत बोलता येतं.