पाठीवरची चरबी आणि मांसातली चरबी

पुण्यात कॅम्पातल्या पोर्कच्या दुकानात गिऱ्हाइकांचे दोन तट पडतात. विंदालू करणाऱ्यांना चरबीसकट तुकडे हवे असतात, तर जिमला जाणारी पोरं ‘चरबी काढून द्या’ म्हणतात. दुकानदार सुरी फिरवतो, कातडीखालचा पांढरा थर बाजूला होतो आणि गिऱ्हाईक खूश. उरलेल्या लाल भागात, स्नायूंच्या धाग्यांमधून गेलेल्या बारीक पांढऱ्या रेघा मात्र सुरीने निघत नाहीत. शिजल्यावर मांस मऊ, रसदार लागतं त्यात या रेघांचा मोठा हात असतो.

थर आणि रेघा, दोन्हींवर जनुकांची चांगलीच पकड आहे. एका कळपातल्या डुकरांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा आनुवंशिक असतो. पण दोन्हींची जनुकं काही अंशीच सारखी आहेत. त्यामुळे थर पातळ आणि रेघा भरपूर, असं डुक्कर निवडीने घडवता येतं. ड्युरॉक जात या रेघांसाठीच नावाजलेली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या पैदासकारांनी एवढा विचार केला नाही. बाजाराला कमी चरबी हवी होती, म्हणून जास्तीत जास्त पीळदार डुकरं निवडली गेली. बेल्जियमच्या पिएत्रें जातीत तर पाठीमागून पाहिलं तरी नुसते मांसाचे गोळे दिसतात. पण ही जनावरं कत्तलखान्याच्या वाटेवर, गाडीतच मरू लागली. जी पोचत, त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत, ट्रेमध्ये ठेवलं की गुलाबी पाणी सोडणारं निघे. अशा मांसाची चॉप तव्यावर टाकली की आक्रसते आणि चामड्यासारखी होते.

कारण सापडलं १९९१ साली, कॅनडात. आरवायआर१ नावाच्या जनुकात १८४३व्या जागी डीएनएचं एकच अक्षर बदललेलं होतं. या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार. अक्षर बदललं की दार सहज उघडतं आणि लवकर मिटत नाही. जिवंतपणी स्नायू जरा जरा आखडत राहतात, आणि डुक्कर पीळदार होतं ते त्यामुळेच असावं. जनावर घाबरलं की मात्र तेच दार सताड उघडतं. साठवलेली साखर भराभर जळते, लॅक्टिक आम्ल तयार होतं. एरवी कापल्यानंतर मांसाचा सामू (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपासून साडेपाचपर्यंत उतरायला कित्येक तास लागतात. इथे तो पाऊण तासातच सहाच्या खाली येतो, तेही मांस गरम असताना. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनं बिघडतात आणि पाणी धरून ठेवू शकत नाहीत.

जनुक निर्दोष असलं तरी गाडीत कोंबून, काठ्या मारत आणलेल्या डुकराचं मांस असंच बिघडू शकतं. सगळं खापर जनुकांवर फोडण्यात अर्थ नाही.

आपल्यातही काही माणसांमध्ये हेच जनुक बिघडलेलं असतं. भुलीच्या काही औषधांनी त्यांचे स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने चढतो. त्यावर डॅन्ट्रोलीन हे औषध चालतं, हे १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत आधी डुकरांवरच दिसलं.

हॅम्पशायर जातीतला दोष वेगळा. पीआरकेएजी३ या जनुकातल्या बदलामुळे स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, सुमारे सत्तर टक्के जादा साठतं, मांस आंबट होतं आणि हॅम शिजवताना वजन घटतं.

मला सगळ्यात भन्नाट वाटतं ते आयजीएफ२ हे जनुक. २००३ साली स्वीडन आणि बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की, यातला बदल प्रथिनात नाहीच, प्रथिन किती बनावं हे ठरवणाऱ्या भागात आहे. तिथला लगाम सुटतो, स्नायूत या जनुकाचं काम जन्मानंतर तिपटीने चालतं, मांस तीन-चार टक्के वाढतं आणि पाठीवरचा थर पातळ होतो. गंमत म्हणजे स्नायूत बापाकडून आलेली प्रतच चालते, आईची गप्प असते.

पैदासकारांच्या हे पथ्यावर पडलं. विणाऱ्या मादीच्या अंगावर चरबी हवीच, दहा-बारा पिलांना पाजताना ती झरझर उतरते. म्हणून मादीच्या वंशात जुनी प्रत ठेवायची आणि बदललेली प्रत फक्त नराकडून आणायची. आई गुबगुबीत राहते, पिलं सडपातळ निघतात. नरात ती प्रत आहे की नाही हे पाहायला त्याचे मुळासकट उपटलेले थोडे केस पुरतात.