दोन लाख किलोमीटर झालेली पिकअप घेतलीत? आधी हे वाचा

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात जुन्या पिकअपची खरेदी-विक्री जोरात सुरू होते. गाडी नावावर झाली, हार घातला, नारळ फोडला, की मालक आमच्या गॅरेजमध्ये येऊन म्हणतात, "सगळी सर्व्हिसिंग करून टाका." जुन्या गाडीत पैसे गुंतवल्यावर खिशात फार उरलेलं नसतं, हे आम्हालाही कळतं. म्हणून कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं दोन महिन्यांनी केलं तरी चालेल, ते इथे लिहिलं आहे.

मीटरचा आकडा आम्ही फारसा धरत नाही. मीटर बंद ठेवून चालवलेल्या गाड्या भरपूर असतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय, ड्रायव्हरची सीट किती बसलीय, यावरून बरंच कळतं. आधीच्या मालकाने "मागच्याच महिन्यात ऑइल बदललंय" असं सांगितलं, पण बिल नाही, तर ते काम झालेलंच नाही असं धरून आम्ही सुरुवात करतो.

पहिला खर्च ब्रेकवर

इथला माल माळशेज उतरून कल्याण, वाशीकडे जातो. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेक तापतात आणि त्या उष्णतेने ब्रेक ऑइलही तापतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की तेच १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) नवे असले तरी हे होऊ शकतं. त्यामुळे डबीत वरून थोडं ऑइल ओतून भागत नाही. जुनं सगळं बाहेर काढून, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढून नवं भरावं लागतं, आणि पुढे दर दोन वर्षांनी तेच करावं लागतं.

त्याच वेळी मागचे ड्रम उघडतो. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) ओलसर दिसला तर बदलतो. कधी कधी लायनर क्राऊनच्या, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या ऑइलने भिजलेले असतात. तेव्हा नुसतं सील बदलून भागत नाही. क्राऊनच्या हाउसिंगवर हवा जाण्यासाठी एक छोटी ब्रीदर असते, ती चिखलाने बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं. ती साफ केली नाही, तर नवं सीलही काही दिवसांत गळायला लागतं.

मागच्या स्प्रिंगमध्ये (कमानीत) घातलेल्या जादा पाट्याबद्दल आम्हाला कळकळीने सांगायचं आहे. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं, म्हणजे शंभर क्रेट झाले दोन हजार किलो. १.३ टनाच्या गाडीत ते भरता यावेत म्हणून आधीच्या मालकाने एखादा पाटा वाढवलेला असतो. बऱ्याच पिकअपना मागे, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली, यावरून तो भार ओळखतो. पाटा वाढवला की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. आमचा सल्ला आहे की जादा पाटा काढा आणि आरसीवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करून येईल तेवढाच माल भरा.

ब्रेकसोबतच टाय रॉड एंड, बॉल जॉइंट (स्टिअरिंग आणि पुढच्या चाकांचे सांधे) आणि टायर तपासून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन तडकलेला टायर भरल्या गाडीला नको.

मग इंजिन

ऑइल आणि फिल्टर पहिल्याच दिवशी बदला. फ्लश (गाळ सोडवणारं द्रव) टाकून इंजिन धुवायला अनेक जण सांगतात, आम्ही ते करत नाही. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. त्याऐवजी आज ऑइल बदला आणि पुढच्या दीड-दोन हजार किलोमीटरला पुन्हा बदला. गाळ हळूहळू निघतो. नवं ऑइल लगेच काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेल इंजिनात तसं होतंच.

डिझेल फिल्टरही लगेच बदला. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने इंजेक्टरमध्ये जातं, तिथे पाण्याचा थेंबही महागात पडतो. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात तो अधूनमधून सोडत जा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेलं असतं, हे जवळपास ठरलेलंच. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. मग कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतं. तसं केल्याने इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. रेडिएटर साफ करून, नवा थर्मोस्टॅट बसवून, कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरा. रबरी पाइप फुगलेले असतील तर तेही याच वेळी बदला.

गिअरबॉक्स आणि क्राऊनचं ऑइल, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला ग्रीस, बॅटरी आणि चार्जिंगची तपासणी ही कामं पहिल्या महिन्यात उरका. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदलायला मात्र थांबू नका.

क्लच घसरत नसेल तर राहू द्या. रंग, एसी, म्युझिक हंगामानंतर बघता येईल. आणि धूर दिसला म्हणून लगेच हाफ इंजिनचा (इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा) खर्च काढू नका. काळा धूर मारणारी एक गाडी आमच्याकडे आली होती, इंजिन उघडायचं ठरवूनच. एअर फिल्टर धुळीने गच्च भरला होता, तो बदलल्यावर धूर गेला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळत असण्याची शक्यता. या दोन्हींत नीट तपासून मगच निर्णय घेऊ.

गाडीला आठ वर्षं होऊन गेली असतील तर फिटनेस दरवर्षी करावं लागतं. तारीख आरसीसोबत बघून ठेवा, म्हणजे पासिंगची कामं यातच बसवता येतील.

काम सुरू करण्याआधी आम्ही कच्चं एस्टिमेट देतो. उघडल्यावर काही वेगळं निघालं तर फोन केल्याशिवाय पुढे हात लावत नाही. काढलेले पार्ट गोणीत भरून तुमच्या ताब्यात देतो. पहिल्या भेटीत एक वही मिळेल. तारीख, किलोमीटर आणि काम त्यात लिहिलं जाईल. पुढे दुसऱ्या गॅरेजला काम केलंत तरी त्यातच लिहून घ्या.

गाडी रिकामी आणा. जमल्यास आदल्या संध्याकाळी आमच्याकडे लावून जा. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू होताना आम्हाला स्वतः ऐकायचं असतं.