टर्मिनलमधले दप्तर

सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच टीम हल्ली आपली रनबुके (बिघाड किंवा देखभालीच्या वेळी काय करायचे याच्या लिहून ठेवलेल्या कृती) विकीवरून, म्हणजे कुणालाही बदलता येणाऱ्या वेबपानांवरून, काढून साध्या मजकुराच्या फायलींत आणतात. सगळे काम टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत: फायली गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारे साधन), लिहिणे व्हीआय या संपादकात, शोधणे ग्रेप या कमांडने; ब्राउझर उघडायचा तो नाइलाज झाला तरच. नव्या मुलांना हे हल्लीचे खूळ वाटते. खरे पाहता दस्तऐवज आपल्या माहेरी परत आले आहेत.

१९६४ मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी सीटीएसएस या सामायिक संगणकासाठी रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर साधा टाइप करायचा आणि समास, परिच्छेद यांच्या सूचना टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीत घालायच्या. हीच रीत पुढे न्यू जर्सीतल्या बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘रॉफ’ म्हणून पोचली.

तिथली हकिगत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. बेल लॅब्सने १९६९ मध्ये मल्टिक्स या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले होते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्द काढला की वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडे. केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि मंडळींना तर युनिक्स या आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी धड मशीन हवे होते. मग १९७० मध्ये त्यांनी मागणीच वेगळ्या शब्दांत मांडली: मजकूर संपादन आणि मांडणीसाठी यंत्रणा उभारतो, त्यासाठी पीडीपी-११ हा संगणक द्या. किंमत सुमारे ६५,००० डॉलर. मशीन आले, आणि १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर अर्ज टाइप करू लागल्या. मेमरी २४ किलोबाइट, डिस्क अर्ध्या मेगाबाइटची, आणि मेमरीला संरक्षण कसलेच नाही. कुणी नवा प्रोग्रॅम चालवून पाहिला की अख्खी सिस्टिम कोसळायची भीती. डिस्क इतकी तोकडी की टायपिस्टचे काम दर काही तासांनी टेपवर हलवावे लागे. थोडक्यात, युनिक्सला घर मिळाले तेच दस्तऐवजांच्या नावावर.

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर आहे. त्यामागे डग मॅकलरॉय यांचा आग्रह होता. एकेका कमांडची नोंद आटोपशीर: नाव, वापरायची पद्धत, वर्णन, संबंधित फायली, आणि ‘बग्ज’ म्हणून एक रकाना. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय मोडके आहे ते लेखकानेच छापून द्यायचे. मला हा रकाना त्या मॅन्युअलमधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. चूक कबूल करणारा परिच्छेद लिहिण्यापेक्षा ती दुरुस्त करणे कधी कधी सोपे पडते! शिवाय पानाच्या माथ्यावर तारीख आणि तळाशी ‘ओनर’, म्हणजे कुणाला जाऊन विचारायचे ते. पुढे आठवा विभाग सिस्टिमच्या देखभालीसाठी राखला गेला. आजही मॅन पेजमध्ये (टर्मिनलमध्येच उघडणारी मॅन्युअलची पाने) प्रशासकांच्या कमांड याच आकड्याखाली सापडतात.

ही माहिती जिथे काम चाले तिथेच होती. नव्वदच्या दशकात वेब आले आणि ताटातूट झाली. वॉर्ड कनिंगहॅम यांची पहिली विकी १९९५ ची. पुढे कंपन्यांच्या आत विक्या उगवल्या, आणि कुठलेही पान कुणीही बदलू शकतो म्हणता म्हणता कुठलेही पान कुणाचेच उरले नाही. ‘जुने’, ‘नवे’ आणि ‘नवे अंतिम’ अशी एकाच विषयाची तीन पाने ज्यांनी रात्रपाळीत उघडून पाहिली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

परतीची साधने एकेक करून जमली. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन (साध्या मजकुरातच मथळे, याद्या दाखवण्याची रीत), २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचे गिट, २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन यांचे पॅनडॉक (मजकूर एका रूपातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम). एकच मजकूर टर्मिनलमध्ये वाचा, त्याचेच वेबपान किंवा पीडीएफ करा, आणि कुठली ओळ कुणी कधी बदलली हेही दिसते. २०१६ मध्ये गूगलच्या विश्वासार्हता अभियंत्यांनी लिहिले की, आयत्या वेळी सुचेल तसे करण्यापेक्षा आधी लिहून ठेवलेली कृती हाताशी असली तर बिघाड दुरुस्तीचा वेग साधारण तिप्पट होतो.

हाताशी म्हणजे नेमके कुठे, याचा धडा ४ ऑक्टोबर २०२१ ला मिळाला. देखभालीच्या कामातली एक कमांड चुकली, ती अडवायला हवी होती त्या तपासणीच्या साधनातच बग निघाला, आणि फेसबुकची डेटा सेंटरे जोडणारे जाळे तुटले. पाठोपाठ डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) गेले आणि बिघाड शोधायची अंतर्गत साधनेही बसली. शेवटी माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. सुमारे सहा तास सगळे बंद. ऑन-कॉल माणसाच्या, म्हणजे बिघाड झाला की ज्याला बोलावतात त्याच्या, लॅपटॉपवर रेपोची (गिटमधल्या फायलींच्या साठ्याची) प्रत असावी, हा आग्रह अशा प्रसंगांमुळेच बळावला. (पासवर्ड आणि किल्ल्या मात्र त्या रेपोत ठेवायच्या नाहीत, प्रत जितक्या लॅपटॉपवर, तितक्या ठिकाणी त्या पोचतात.)

या दप्तरात मराठीची मात्र पंचाईत होते. टर्मिनल अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवते. तिथे ‘क्ष’ किंवा ‘र्थ’ आला की अनेक टर्मिनलांत जोडाक्षर फुटते, कर्सर भलतीकडेच उभा राहतो. म्हणून मराठी बोलणाऱ्या टीमचीही रनबुके इंग्रजीतच राहतात, आणि मधूनच रोमन लिपीत लिहिलेली एखादी मराठी ओळ डोकावते: ‘हे थेट चालवू नका, आधी विचारा.’

कुणाला विचारायचे? पहिल्या मॅन्युअलमधला ‘ओनर’ पुढच्या आवृत्त्यांत गळून पडला होता. २०१७ मध्ये गिटहबने (गिटमधले साठे ठेवण्याची वेबसेवा) ‘कोडओनर्स’ नावाची, कुठल्या फायलींची जबाबदारी कुणाची ते सांगणारी फाइल आणली. आता बऱ्याच टीम तीच फाइल रनबुकांच्या फोल्डरलाही लावतात.