अपघातस्थळी आधी काय करायचे? एका उलटलेल्या क्रमाची पार्श्वभूमी

जागा सुरक्षित आहे ना, हे पाहून झाले की आजच्या प्रशिक्षणवर्गात पहिला हात जातो तो रक्ताच्या चिळकांडीवर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा धडा तिसरा होता. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. हा क्रम का उलटला, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

सामान्य माणसाला प्रथमोपचार शिकवण्याची कल्पना लष्करी डॉक्टरांकडून आली. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. जर्मनीत शल्यविशारद एस्मार्क यांनी १८८२ मध्ये कील येथे नागरिकांसाठी शाळा काढली; त्रिकोणी पट्टीचा प्रसारही त्यांचाच. पुढे मोटारी वाढल्या, पण रस्त्यावर बराच काळ 'उचला आणि पळा' एवढेच चालले. अमेरिकेत १९६० च्या दशकात निम्म्याच्या आसपास रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत, कारण माणसाला आडवे नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच होती. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९६६ च्या अहवालाने अपघाती इजेला 'आधुनिक समाजाचा दुर्लक्षित आजार' म्हटले. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिचे कर्मचारी होते तिथल्याच वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण.

श्वासमार्ग-श्वास-रक्ताभिसरण ही त्रयी रूढ करण्यात सफार यांचाच मोठा वाटा. ती मुळात पुनरुज्जीवनासाठी, म्हणजे श्वास किंवा हृदय थांबलेल्यासाठी. तीच अपघातातल्या जखमीलाही लागू केली गेली. पण मांडीची मुख्य धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रिता होतो, आणि तोवर मदतनीस श्वासमार्ग मोकळा करायला हनुवटी उचलत बसलेला असायचा.

याला जोड मिळाली ती टूर्निकेटच्या, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाभोवती दांडीने पिळून आवळायच्या पट्ट्याच्या, बदनामीची. पहिल्या महायुद्धात घाईत बांधलेले पट्टे तासन् तास तसेच राहिले, हातपाय गमवावे लागले आणि दोष साधनाच्या माथी आला. पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांत 'अगदी शेवटचा उपाय' हीच ओळ छापली गेली. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या अभ्यासाने ती खोडली: रुग्ण शॉकमध्ये (रक्त कमी पडून शरीर कोलमडण्याच्या अवस्थेत) जाण्यापूर्वी टूर्निकेट लावला तर ९० टक्के वाचले, नंतर लावला तर १० टक्के. २०१५ मध्ये अमेरिकेत 'स्टॉप द ब्लीड' मोहीम निघाली आणि साधन नागरिकांच्या हातात परत आले.

आता शिकवतात ते असे. पट्टा जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर कधीच नाही. आधी हाताने ओढून सैलपणा काढायचा, मग दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, अडकवायची आणि वेळ लिहायची. एकाने भागले नाही तर त्याच्या वरच दुसरा. रुग्ण वेदनेने ओरडतो. तरी सैल करायचे नाही. इथेच बहुतेकांचा हात कचरतो. अर्धवट आवळलेला पट्टा न बांधण्यापेक्षा वाईट: शिरा दबतात, धमनी वाहत राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. कमरेचा पट्टा याच कारणाने फसतो, तो पिळायला दांडीच नसते. जांघ, काख, मान इथे पट्टा बसतच नाही. जांघेत आणि काखेत जखम कापडाने ठासून भरायची आणि दहा मिनिटे दाब सोडायचा नाही, मध्येच उचलून पाहायचेही नाही. मानेवर नुसता थेट दाब.

काही धडे गाळलेही गेले. मणक्यासाठी प्रत्येकाला कडक फळीवर बांधायची प्रथा १९९८ मधल्या एका तुलनेने हलली: न्यू मेक्सिकोत सगळ्यांना जखडून नेलेले, मलेशियात कुणालाच नाही, तरी मज्जातंतूंची हानी मलेशियात कमी. एका अभ्यासावर सगळे ठरत नाही, पण फळी आता मुख्यतः जखमीला गाडीतून बाहेर काढण्यापुरती उरली आहे. मान हातांनी स्थिर धरणे मात्र टिकले.

रुग्णवाहिका नाहीच, तिथे काय? घानात जखमींना दवाखान्यात नेणारे मुख्यतः टॅक्सी-बसचालकच. म्हणून ३३५ चालकांना सहा तासांचे प्रशिक्षण दिले गेले. त्याचा अहवाल २००२ मध्ये आला. सुमारे दहा महिन्यांनी गाठता आलेल्या चालकांत रक्तस्राव थांबवण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून ४२ वर गेले होते, श्वासमार्ग मोकळा करण्याचे २ वरून ३५ वर, मोडलेल्या हाडाला आधाराची खपाची बांधण्याचे मात्र १ वरून १६ वरच. त्यात नवल नाही: दाब द्यायला हात पुरतो, खपाचीला मोजमाप, साहित्य आणि दुसरा माणूस लागतो.