विचारशैली मोजून माहिती प्रणाली?

आधी अधिकाऱ्याची विचारशैली (माहिती हाताळून निर्णय घेण्याची त्याची पद्धत) चाचणीने मोजा, मग तिला साजेशी माहिती प्रणाली (निर्णयासाठी माहिती पुरवणारी संगणक व्यवस्था) बनवा, हा सल्ला १९७०च्या दशकापासून फिरतोय. ऐकायला झकास! पण मोजता काय? मानसशास्त्रज्ञ विटकिन यांच्या गाजलेल्या चाचणीत गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला साधा आकार शोधायचा असतो, तोही घड्याळ लावून. पटकन सापडला की तुम्ही 'विश्लेषक'. अहो, जिथे उत्तर बरोबर किंवा चूक असतं, तिथे शैली कसली? ती झाली क्षमता. व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉर्ज ह्यूबर यांनी १९८३ मध्येच बजावलं होतं, की प्रणालीची रचना ठरवायला विचारशैलीचा हा पाया पुरेसा नाही. शिवाय एकच माणूस बजेट तपासताना आकड्यांत शिरतो आणि नेमणूक करताना मनाचा कौल घेतो. तक्ता हवा की आलेख, हे त्यालाच स्क्रीनवर निवडू द्या की!