सस्तन प्राण्यांच्या मेंदूची उत्क्रांती आणि मातृजनुके

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती सारख्याच कामाला लागतात. सस्तन प्राण्यांत मात्र शंभर-दोनशे जनुके अशी आहेत, की त्यांची एकच प्रत चालते आणि दुसरी जन्मभर मिटलेली राहते. कोणती चालायची हे ती कोणाकडून आली यावर ठरते. या प्रकाराला जीनोमिक इंप्रिंटिंग म्हणतात; मराठीत ‘जनकछाप’ म्हणायला हरकत नाही. अशी बरीच जनुके दोन ठिकाणी काम करतात, वारेत (गर्भाला आईच्या शरीरातून पोषण पुरवणाऱ्या अवयवात) आणि मेंदूत. त्यामुळेच सस्तन प्राण्यांचा मेंदू घडण्यात आईकडच्या वारशाचा वेगळा वाटा आहे का, हा प्रश्न पुढे आला.

छाप म्हणजे जनुकाच्या अक्षरांत केलेला बदल नव्हे. डीएनएवर ठरावीक जागी मिथिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटतात आणि तिथले जनुक बंद किंवा चालू राहते. बीजपेशी (अंडपेशी किंवा शुक्रपेशी) तयार होताना जुन्या छापा पुसल्या जातात आणि त्या देहाच्या लिंगाप्रमाणे नव्या उमटतात. म्हणून आजोबांकडून आलेली प्रत लेकीने पुढे दिली, की नातवंडांत ती ‘आईकडची’ म्हणूनच वागते. छापेचे नियंत्रण करणाऱ्या जागांपैकी बहुतेकांवर मिथिल गट अंडपेशीत बसतात; शुक्रपेशीत बसणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. मातृवंशाला महत्त्व देणाऱ्यांचा हा पहिला पुरावा.

या शोधाची सुरुवात १९८४ सालच्या उंदरांवरील प्रयोगांनी झाली. फलित अंड्यात आईचे आणि बापाचे केंद्रक काही तास वेगवेगळे दिसतात. तेवढ्या अवधीत अतिशय बारीक नळीने एक केंद्रक काढून दुसरे घालता येते. केम्ब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर अमेरिकेत जेम्स मॅकग्रा आणि डाव्होर सोल्टर यांनी हे काम स्वतंत्रपणे केले. गुणसूत्रांची संख्या पूर्ण असूनही दोन आयांचा किंवा दोन बापांचा गर्भ टिकेना. फक्त आईकडचा वारसा असलेला गर्भ काही काळ बऱ्यापैकी वाढे, पण त्याची वार खुरटलेली असे. फक्त बापाकडचा असला, तर वारेची ऊती वाढे आणि गर्भ मागे पडे. माणसांत याचीच विकृत रूपे डॉक्टरांना आधीपासून माहीत होती. पूर्ण द्राक्षगर्भात सगळी गुणसूत्रे बापाकडची असतात; गर्भाशयात द्राक्षांसारखे फुगे वाढतात, बाळ नसते. उलट अंडाशयातल्या डर्मॉइड गाठीत सगळा वारसा बाईचा स्वतःचा असतो आणि तिथे केस, दात, कधी चेताऊतीही सापडते, पण वार नसते.

मेंदूचा प्रश्न १९९५-९६च्या सुमारास मेंदू आणि वर्तनाचे अभ्यासक बॅरी केव्हर्न, सुरानी आणि सहकाऱ्यांनी हाती घेतला. शुद्ध ‘आईचे’ गर्भ जगत नसल्यामुळे त्यांनी मिश्र गर्भ तयार केले. साध्या गर्भाच्या पेशींत काही खूण केलेल्या पेशी मिसळल्या. काही गर्भांत त्या फक्त मातृवारशाच्या होत्या, तर काहींत फक्त पितृवारशाच्या. मग त्या मेंदूत कुठे जातात ते पाहिले. मातृवारशाच्या पेशी मेंदूचे बाह्यक (बाहेरचा थर), हालचालींशी निगडित स्ट्रायटम आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस इथे दाटीने सापडल्या. पितृवारशाच्या पेशी बाह्यकातून नाहीशा होत गेल्या आणि हायपोथॅलॅमस, सेप्टम अशा आतल्या भागांत राहिल्या. भूक, समागम, आक्रमकता यांची सूत्रे तिथूनच हलतात. मातृपेशी असलेल्या पिल्लांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा निघाला, पितृपेशी असलेल्यांचे शरीर मोठे आणि मेंदू त्या मानाने लहान.

केव्हर्न यांनी १९९६ साली याला प्रायमेट प्राण्यांच्या (माकडे, वानर, माणूस यांच्या गटाच्या) तुलनेची जोड दिली. त्यांच्या मांडणीनुसार, प्रायमेट वंशात ज्या भागांत मातृपेशी टिकतात ते भाग उर्वरित मेंदूच्या मानाने वाढत गेले आणि ज्यांत पितृपेशी टिकतात ते आकसले. जुळणी मोठी देखणी आहे, आणि म्हणूनच जरा जपून घ्यावी. मिश्र गर्भ आपल्याला एवढेच सांगतो, की कोणती पेशी कुठे तग धरते. लाखो वर्षांत बाह्यक कोणत्या जनुकांच्या बदलामुळे वाढले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

जनकछाप आलीच कशाला, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांचे आहे. मादीची पुढची पिल्ले दुसऱ्या नराची असू शकतात. त्यामुळे गर्भातल्या बापाकडच्या जनुकांचा फायदा आईकडून आत्ताच जास्तीत जास्त ओरबाडण्यात असतो, तर आईकडच्या जनुकांचा फायदा पुढच्या वेतांसाठी हात राखण्यात. उंदरांत वाढीला चालना देणारे आयजीएफ-२ हे जनुक बापाकडचे चालते. ते बिघडले तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचे जन्मते. त्या वाढद्रव्याला पकडून त्याची विल्हेवाट लावणारा ग्राही (पेशीवरचे प्रथिन) मात्र आईकडच्या प्रतीतून बनतो. ही ओढाताण अर्थातच हेतुपूर्वक नसते. जनुकाला हेतू नसतो, असतो तो फक्त पिढ्यांचा हिशेब.

केव्हर्न यांना भांडणापेक्षा जुळवणी महत्त्वाची वाटते. गर्भार मादीच्या पोटात मादी पिल्लू असेल, तर आई, पिल्लू आणि त्या पिल्लाच्या अंडाशयातली अंडी अशा तीन पिढ्या एकाच देहात नांदतात. वार आईच्या हायपोथॅलॅमसला संप्रेरके पाठवते, दूध आणि मायेची तयारी करून घेते आणि त्याच काळात पिल्लाचा स्वतःचा हायपोथॅलॅमसही घडत असतो. पेग-३ हे जनुक दोन्हीकडे काम करते आणि गंमत म्हणजे त्याची बापाकडची प्रत चालते. १९९९ साली ते निकामी केलेल्या उंदरिणी घरटे नीट बांधेनात, भटकलेली पिल्ले परत आणायला उशीर करू लागल्या, दूधही नीट उतरेना. मात्र २०१६ मध्ये याच जनुकाचा वेगळ्या प्रकारे बिघाड केलेल्या उंदरिणींत मातृवर्तन आणि स्तनपान व्यवस्थित आढळले. पाठ्यपुस्तकांतले हे आवडते उदाहरण त्यामुळे आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही.

माणसात सर्वांत स्पष्ट दाखला १५व्या गुणसूत्राचा आहे. त्याच्या एका पट्ट्यातला बापाकडचा वाटा गेला तर प्रॅडर-विली विकार होतो. बाळ लुळे, अंगावरचे दूध नीट ओढत नाही आणि पुढे त्याची भूकच भागत नाही. तोच पट्टा आईकडचा गेला तर एंजलमन विकार होतो. बोलणे जवळपास नसते, फिट येतात, चाल अस्थिर असते आणि मूल वारंवार हसते. मेंदूतल्या चेतापेशींत याच पट्ट्यातल्या यूबीई-३ए या जनुकाची फक्त आईकडची प्रत चालते, म्हणून बापाकडची धडधाकट असूनही उपयोगी पडत नाही.

जनुकांखेरीज आईची शिदोरीही मोजावी लागते. मेंदू हा खर्चिक अवयव. प्रौढ माणसाचा मेंदू विश्रांतीतल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खातो. पिल्लाच्या मेंदूचे हे बिल वार आणि दूध यांतून आईच भरते, आणि मेंदूच्या आकाराचा संबंध आईच्या चयापचयाशी जोडणारी मांडणी प्रायमेटांचे अभ्यासक रॉबर्ट मार्टिन यांनी १९८१ मध्ये केली. कांगारूचे पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम ग्रॅमभराचे असते. त्याचा मेंदू जवळपास सगळा दुधावर वाढतो. कांगारूसारख्या शिशुधान (पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या) प्राण्यांत जनकछाप आहे पण कमी जनुकांवर, आणि अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये ती आढळलेली नाही.

‘मुलांना बुद्धी आईकडूनच मिळते’ हा संदेश व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतो, तो या संशोधनाचाच विपर्यास आहे. मुलग्याला एक्स हे लिंग-गुणसूत्र आईकडूनच येते हे खरे, पण मुलीला बापाकडचेही येते, आणि बुद्धीशी संबंध असलेली जनुके साऱ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. ‘खाण तशी माती’ म्हणताना खाणी दोन आहेत हे विसरता कामा नये. अभ्यासकही अशा घाईतून सुटलेले नाहीत. २०१० साली उंदराच्या मेंदूत तेराशेहून अधिक जनुकांवर जनकछाप असल्याचा दावा झाला. दोन वर्षांनी फेरतपासणीत त्यातला बहुतांश भाग मोजणीतला गोंगाट ठरला.

दोन आयांचा गर्भ जगत नाही, या नियमाला २००४ मध्ये जपानी संशोधक तोमोहिरो कोनो यांनी एक वाट काढून दिली. एका अंड्यातले एच-१९ हे जनकछाप असलेले जनुक काढून त्या अंड्याची छाप बापासारखी केली आणि ते दुसऱ्या अंड्याशी जोडले. अशा ४५७ जोडण्यांतून वाढून मोठी झालेली उंदरीण एकच. जपानी लोककथेतल्या, बांबूत सापडलेल्या राजकन्येवरून तिचे नाव कागुया ठेवले. पुढे तिला नेहमीच्या पद्धतीने पिल्लेही झाली.