स्टीअरिंग रॅकची गळती आणि रबरी बूट : एक खुलासा

पॉवर स्टीअरिंगच्या रॅकच्या (चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या जुळणीच्या) टोकाशी असलेला रबरी बूट (घडीदार आवरण) तेलाने ओला दिसला की 'बूट फाटला आहे, नवा बसवला की गळती थांबेल' असे सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. बूट केवळ धूळ आणि पाणी अडवतो. तेल रोखून धरणे हे त्याचे काम नव्हेच. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) रॅकमधील तेल आतल्या सीलमुळे (दांड्याभोवतीच्या रबरी कड्यामुळे) अडून राहते, आणि चाके पूर्ण वळवल्यावर तिथला दाब 70 बारच्याही पुढे जाऊ शकतो.

म्हणून आधी सगळा भाग स्वच्छ पुसावा, इंजिन सुरू ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे (टोकाला पाच सेकंदांहून अधिक धरू नये), आणि मग बुटाची क्लॅम्प सैल करून पाहावे. आतून तेलाची धार आली, तर सील गेले आहे. बूट आतून कोरडा असेल, तर वरच्या प्रेशर पाइपच्या जोडावरून तेल ओघळत असण्याची शक्यता तपासावी.

सील बदलण्यापूर्वी रॅकच्या दांड्यावरून नख फिरवून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण गंजाचा बारीकसा खड्डाही नव्या सीलची कड कापतो. असा रॅक बदलणेच योग्य. गळती थांबवणारी रसायने रबर फुगवतात, तो खड्डा भरत नाहीत. दुरुस्तीनंतर तेलातील हवा काढणे आणि व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे.